वेग अठ्ठ्याहत्तर

"मला काढ," दादा म्हणाला. "शोएबला घाल."

"आत्ता तर उतरवलंय तुला. दहा मिनिटं पण नाही झाली."

"काढ म्हटलं नव्हं? तू बटण दाब."

मी त्याच्या हातातून डबा घेतला. डबा म्हणजे पीएसपी. दोन तळहातांत मावणारा, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं असलेला हा व्हिडिओ गेम मस्कतच्या मामेभावानं दिवाळीत आणला होता. त्याचं नाव धड कुणाला घेता येईना, म्हणून पेठेत सगळे त्याला डबाच म्हणत. पडद्यावर पिवळ्या-काळ्या जर्सीतला एक माणूस गवतावर पडून घोटा धरून कळवळत होता. त्याच्या डोक्यावर नाव होतं, इंद्रजित. मी यादी उघडली, इंद्रजितला बाहेर बसवलं, शोएबला आत घेतलं. दादानं डबा परत घेतला आणि पाच मिनिटांत दोन गोल मारले.

"बघ," तो म्हणाला, "पोरगं पळतंय कसं."

त्याचा खरा घोटा तेव्हा प्लास्टरमध्ये, उशीवर होता.

इंद्रजित सरनोबत, माझा दादा, आमच्या नागझरी तालमीचा कॅप्टन होता. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. तालमीची फुटबॉल टीम असते, आणि मॅचच्या दिवशी अर्ध्या पेठेची दुकानं दुपारीच बंद होतात. दादा एकोणतीस वर्षांचा होता आणि त्यातली चौदा वर्षं तो पुढच्या फळीत खेळला होता. त्या वर्षी क्वार्टर फायनलला समोरच्या टीमचा एक जण त्याच्या घोट्यावर आडवा आला. डॉक्टरांनी चार आठवड्यांचं प्लास्टर घातलं. मधे दहावी-बारावीच्या परीक्षा होत्या, म्हणून पुढच्या मॅच लांबल्या होत्या. फायनलला सात आठवडे होते. पेठेत जो तो एकच विचारत होता, इंद्रजित फायनलला उभा राहतोय का?

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, फिजिक्स घेऊन. दादाचं मन रमावं म्हणून मी डब्यात आमची सगळी टीम तयार केली. त्या गेममध्ये नवे खेळाडू बनवता येत. नाव, उंची, केसांची ठेवण, आणि प्रत्येक गुणाला नव्व्याण्णवपैकी आकडा. वेग किती, ताकद किती, किक किती. केसांवरून काही वाद झाला नाही. आकड्यांवरून झाला.

"पिंट्याला वेग ऐंशी? आगं, गोलकीपर हाय तो. पंगतीत बसला की उठवत न्हाई त्याला."

"मग किती लिहू?"

"मला काय विचारतीस? मोजून ये जा."

तो चेष्टेनं म्हणाला होता. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून स्टॉपवॉच मागून आणलं. लंबकाचे आवर्तकाल मोजायला आम्ही ते वापरत होतो.

तालमीच्या मागचा माळ हेच टीमचं सरावाचं मैदान. एका टोकाला तालमीची पायरी, दुसऱ्या टोकाला नागझरीच्या कुंडाची दगडी भिंत. माझं घर तिथून दोन मिनिटांवर, पण त्या माळावर मी त्याआधी पाऊल ठेवलं नव्हतं. मुली मॅच बघायला स्टेडियमवर जात. माळावर जात नसत. तसा कुणी नियम केला नव्हता, आणि तो कधी कुणी मोडलाही नव्हता.

"काय गं पोरी?" सर्जेराव आण्णांनी शिट्टी तोंडातून काढून विचारलं. आण्णा टीमचे कोच, साठीला आलेले. "दादानं काय निरोप धाडलाय?"

"निरोप नाही, आण्णा. सगळ्यांचा वेग मोजायचाय."

"कशाला?"

"डब्यात घालायला."

सगळे हसले. पण पिंटूनं लगेच बुटांच्या नाड्या आवळायला घेतल्या, ते मी पाहिलं.

मी टेपनं चाळीस मीटर मोजून दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारली. पायरीकडून भिंतीकडं पळायचं. प्रत्येकानं तीन वेळा, मधे पुरेशी विश्रांती घेऊन, आणि तिन्हींची सरासरी. रुमाल खाली आला की मी बटण दाबणार, पण डोळ्यांनी पाहून बोट हलायला वेळ लागतो. तो वेळ आधी घरी वेगळा काढून मी प्रत्येक मापात धरला होता. त्याचा मला फार अभिमान वाटत होता. मग सेकंदाच्या दर दशांशाला चार गुण असा हिशेब बांधला. शोएब मुजावर, एकोणीस वर्षांचा, सगळ्यांत वेगवान: पाच पूर्णांक सहा सेकंद, वेग शहाऐंशी. पिंटू: एकसष्ट.

त्या संध्याकाळपासून आमच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला. दादाला बघायला आलो म्हणून येत, आणि त्याचा पाय कसा आहे हे विचारायच्या आधी डब्याकडं बघत.

"पद्मजा, माझा तेवढा बासष्ट कर की," पिंटू म्हणाला. त्यानं केळ्यांचा अख्खा घड आणला होता.

"परत पळून दाखव. आला तर करते."

"एकानं काय होतंय गं? गेमच हाय नव्हं."

"मग एकसष्ट असू दे की."

दादा पोट धरून हसला. प्लास्टर घातल्यापासून पहिल्यांदाच.

सेमीफायनल आम्ही जिंकलो. दादाच्या जागी खेळलेल्या शोएबनं दोन गोल मारले, आणि पेठेची उभी फाळणी झाली. दादाचं प्लास्टर निघालं होतं, तो पहाटे उठून व्यायाम करत होता, डॉक्टर हो म्हणाले होते. आता फायनलला पुढं कुणी खेळायचं?

"चौदा वर्षं ज्यानं पेठेचं नाव राखलं, त्याला बाहेर बसवणार?" दूधवाले दत्ताकाका तालमीच्या पायरीवर ओरडत होते. "आन् काल मिसरूड फुटलेलं पोरगं उतरवणार?"

"मग सेमीला गोल काय तुमच्या म्हशीनं मारले?" कुणीतरी मागून विचारलं.

आण्णांनी हात वर केला. मी दादाबरोबर कडेला उभी होते. तोपर्यंत माझ्या तिथं असण्याची सगळ्यांना सवय झाली होती.

"मी कुणाचंबी नाव घेतलं तरी निम्मी पेठ माझ्याशी बोलायची बंद हुईल," आण्णा म्हणाले. "ही पोरगी मोजंल. पिंट्यानं घडभर केळी दिली तरी हिनं एक गुण वाढवला न्हाई. भावासाठीबी वाढवणार न्हाई. इंद्रजितचा वेग हिनं मोजायचा, डब्यात घालायचा. शोएबपेक्षा जास्त आला तर इंद्रजित पुढं. कमी आला तर शोएब. मंजूर?"

एक सबंध पेठ आपल्या फायनलचा फॉरवर्ड एका व्हिडिओ गेमवर ठरवत होती, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मला वाटलं, अखेर कुणीतरी शहाण्यासारखं बोललं.

"मंजूर," दादा सगळ्यांत आधी म्हणाला.

त्यानं एवढंच सांगितलं की मोजताना लोक नकोत. फायनलच्या चार दिवस आधी, दुपारी माळ रिकामा असताना आम्ही दोघंच गेलो. मी भिंतीकडच्या रेघेवर उभी राहायला निघाले.

"हिकडनं नगं," दादा म्हणाला. "शेवटाला भिंत हाय. नवा पाय आवरला न्हाई तर धडकीन. भिंतीकडनं हिकडं पळतो."

मी क्षणभर विचार केला. अंतर दोन्हीकडून चाळीसच. "चालेल," मी म्हणाले.

रुमाल स्वतःच टाकत तो तीनदा पळाला. जीव तोडून पळाला, त्यात काही खोट नव्हती. पाच पूर्णांक आठ. वेग अठ्ठ्याहत्तर.

मी आकडा त्याला दाखवला. त्यानं टॉवेलनं मान पुसली. "घाल डब्यात," तो म्हणाला, "आन् जा आण्णांना दाखव."

दुसऱ्या दिवशी आई फक्त एवढं म्हणाली, "दोन-चार दशांश तुझ्या बापाचं काय घेऊन चालले होते गं?"

फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी मी माळावर गेले होते. टीम हलका सराव आटपून निघाली होती. शोएब शेवटचा राहिला. त्यानं कडेच्या रेघेवर चेंडू ठेवला आणि नाडी बांधायला खाली वाकला. चेंडू थोडा वेळ तसाच राहिला. मग कुणी हात न लावता हलला, हळूहळू वळला आणि भिंतीकडं जायला लागला. शोएबनं वरही न बघता पाय लांब करून तो अडवला. रोजचीच गोष्ट असल्यासारखा.

तो गेल्यावर मी चेंडूसारखं घरंगळेल असं काही शोधलं. शेवटी पाण्याची बाटली आडवी ठेवली. तीही भिंतीकडं गेली. झऱ्याचं कुंड भिंतीपाशी का आहे, हा साधा प्रश्न मला महिनाभरात पडला नव्हता.

मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली, आणि पळाले. पाच वेळा खाली, पाच वेळा वर. कुंडावर भांडी घासणाऱ्या दोघी बायका थांबून बघत होत्या.

"काय झालं गं? कोण मागं लागलंय काय?"

"कोण नाही, मावशी. मोजतेय."

"काय?"

"जमीन."

खाली जाताना सात पूर्णांक चार. वर येताना सात पूर्णांक सात. तीन दशांश. माझ्या बोटाला लागणारा वेळ मी शतांशापर्यंत धरला होता, आणि जमीन सपाट मानून चालले होते. टीममधले सगळे उतारावरून पळाले होते. दादा एकटा चढावर. उतारावरून तो पाच पूर्णांक पाचमध्ये आला असता. वेग नव्वद. शोएबपेक्षा चार जास्त.

मी घरी पळतच गेले. दादा माडीवर खिडकीपाशी बसून डब्यावर खेळत होता.

"दादा, माप चुकलंय! माळाला उतार आहे. तू चढावर पळालास. तुझा नव्वद येतो, नव्वद! आण्णांना सांगते मी, संध्याकाळी टीम लावायच्या आत..."

त्याचे अंगठे थांबले नाहीत. "कुणी सांगितलं उतार हाय म्हणून?"

"मी पळून बघितलं. दहा वेळा."

"अनवाणी?"

"हो."

"मग खडे टोचले असतील," तो म्हणाला.

त्याला नवल वाटलंच नव्हतं; त्या एका वाक्यावरून मला कळलं.

"तुला ठाऊक होतं."

"चौदा वर्षं पळतोय तिथं, पद्मे. वरचा गोल कुठला, खालचा कुठला, आमच्यात शेंबडं पोर पण सांगंल. हाफ टाइमला बाजू कशापायी बदलायची मग?"

मला पहिल्यांदा आला तो रागच. पेठेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असलेली ती गोष्ट फक्त मला माहीत नव्हती, कारण मला त्या माळावर कधी कुणी खेळू दिलं नव्हतं. आणि नेमकं तेच त्यानं वापरलं होतं.

"मला फसवलंस. मीच सापडले होय?"

"बस जरा. हे बघ."

त्यानं यादी उघडून शोएबला बाहेर काढलं आणि इंद्रजितला उतरवलं. डब्यात तो कधी स्वतःला खेळवत नसे; दुखऱ्या पायाची आठवण नको म्हणून तसं करतो, अशी माझी समजूत होती. त्यानं चेंडू पुढं नेला. समोरून एक बचावपटू घसरत आला. दादाचा उजवा अंगठा बटणावरून वर उठला. चेंडू निघून गेला.

"परत बघ," तो म्हणाला.

परत तेच. तिसऱ्यांदा त्यानं दात आवळून अंगठा दाबून धरायचा प्रयत्न केला. समोरचा पायात येण्याच्या क्षणी अंगठा उठलाच. मी त्या अंगठ्याकडंच बघत होते. ते मुद्दाम केलेलं नव्हतं.

"ह्यात काय दुखत न्हाई," दादा म्हणाला. "काच हाय नुसती. कळतंय मला. शोएबला खेळवला की असं होत न्हाई. माझं नाव दिसलं की होतंय. प्लास्टर घातलं त्याच आठवड्यात कळलं होतं हे. म्हटलं, जाईल. न्हाई गेलं."

"पण तुझा पाय बरा झालाय."

"पाय बरा हाय." त्यानं डबा मांडीवर ठेवला. "त्या दिवशी कट्ट झालं होतं बघ. लोकांनी बाहेरनं काय बघितलं असंल ते. मी आतनं ऐकलं. आता माणूस अंगावर येताना दिसला की आधी तो आवाज येतोय."

खाली आई कुणाशी तरी बोलत होती. फायनलसाठी पताका लावायला पोरं शिडी मागायला आली होती.

"मग आण्णांना सांग तसं."

"काय सांगू? पाय बरा हाय, पळतोय बी झ्याक, पर भ्या वाटतंय?" तो हसला. "पाय मोडला तेव्हा पेठ दारात उभी होती. भ्यालो म्हटल्यावर कोण येणार हाय? आन् न सांगता उतरलो, तर चेंडू समोर येईल आन् मी पाय काढून घेईन. अकरा जणांची फायनल हाय ती."

"म्हणून माझा आकडा."

"दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं त्यांनी?"

"दादा, तो आकडा चुकीचा आहे."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. सांगू नकोस असं त्यानं मला म्हटलं नाही, हे मला नीट आठवतं. नंतर कितीतरी वेळा मी ते तपासून बघितलंय.

त्या संध्याकाळी मी कुठंही गेले नाही.

फायनलच्या दिवशी सकाळी तालमीत बायकांनी टीमला ओवाळलं. पिवळे-काळे झेंडे, हलगी, गल्लीच्या तोंडाशी फटाके. दादा जर्सी घालूनच आला होता, राखीव खेळाडू म्हणून. तो पायऱ्या नीट, सरळ चढला, आणि तेच दत्ताकाकांनी बघितलं.

"हे बघा! हे बघा की चालतोय कसा! आण्णा, परत मोजा. अजून वेळ गेलेला न्हाई."

"मोजा, मोजा," मागून चार आवाज आले. हलगी थांबली.

आण्णांनी मला गर्दीतून पुढं बोलावलं. माझ्या हातात ओवाळणीचं ताट होतं, ते कुणीतरी काढून घेतलं.

"पद्मजा, तू मोजलंस," आण्णा म्हणाले. त्यांनी त्याआधी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. "तुझ्या मापात कुठं चूक असंल तर आत्ता बोल. चारला मॅच हाय. मग काय उपेग न्हाई."

शोएब खालच्या पायरीवर बूट बांधत होता. बांधून झालेली नाडी तो पुन्हा सोडत होता. त्याचे कान लाल झाले होते. आई बायकांमध्ये उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आशा इतकी स्पष्ट होती की मला तिकडं बघवेना. दादाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघतच नव्हता. समोर बघत होता, लांबून येणाऱ्या एखाद्या माणसाकडं बघावं तसा.

मी तीन मापं घेतली होती. सरासरी काढली होती. हे सगळं खरं होतं.

"चूक नाही, आण्णा," मी म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर. बरोबर आहे."

आम्ही एक-शून्यनं हरलो. शोएब चांगला खेळला. दुसऱ्या हाफमध्ये त्याची किक वरच्या दांड्याला लागून बाहेर गेली. इंद्रजित असता तर, हे वाक्य स्टेडियममधून बाहेर पडायच्या आधीच सुरू झालं, आणि माझ्या लग्नात, म्हणजे सात वर्षांनी, दत्ताकाकांनी ते अक्षता टाकता टाकता म्हटलं. दादा त्यानंतर स्पर्धेत उतरला नाही. मी आज वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. चुकलेलं माप सापडलं की लेखी कळवायचं असतं. मी पुष्कळ कळवलीत. ते एक कळवलेलं नाही. आता दादानंच सांगितलं, लिही.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. गल्लीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आईनं मला भाकरी वाढली, ती माझ्या ताटाकडं न बघता.

"लोक काय काय बोलायलेत," ती म्हणाली. "बोलणारच. भावाची शेवटची फायनल होती. सख्ख्या बहिणीनं खाल्ली."

दादाचा घास हातातच राहिला. त्यानं तो ताटात परत ठेवला, हात झटकला, आणि मान वर करून म्हणाला, "आई, ऐक. मी तुला एक..."

"आई," मी म्हणाले, "आमटी वाढ."